फौजीची दुसरी नोकरी : पुण्यातल्या सरकारी सेवांबद्दल माझा अभिप्राय

माजी सैनिकाला नोकरी मिळवून देणारी सरकारी यंत्रणा पुण्यात आहे आणि ती बऱ्यापैकी चालते. नोकरीत हक्क राखून देणारी यंत्रणाही आहे, ती तर मला वाटलं होतं त्याहून चांगली निघाली. पण या दोघींची एकमेकींशी ओळख नाही. एकीकडे नाव नोंदवतात, जागा सांगतात आणि तिथे त्यांचं काम संपतं. दुसरीच्या दाराशी माणूस जातो तो फसवला गेल्यावर, तेही कुणी सांगितलं तर. दिघी, बोपखेल, लोहगाव, धानोरी या पट्ट्यात घरटी नाही म्हटलं तरी गल्लीत चार फौजी राहतात, आणि दर वर्षी नवे पेन्शनवर येतात. त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे हे ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, व्हेईकल मेकॅनिक होते. २४ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून २०२४ साली घरी आले. गाव पुरंदर तालुक्यात, पण मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही दिघीला राहतो. मी एका पतसंस्थेत कारकून आहे. पासबुकं, व्हाउचर, हप्त्यांच्या नोंदी हे माझं रोजचं काम. फौजीच्या बायकोला तसंही घरातल्या सगळ्या कागदांची जबाबदारी घ्यावी लागते, कारण माणूस लेह नाहीतर तेजपूरला असतो आणि शाळेचा दाखला, वीजबिल, बँक इथे असते. त्यामुळे हे आल्यावर कुठल्या कार्यालयात कोणता कागद लागतो ते मीच पाहिलं, आणि म्हणून हा अभिप्रायही मी लिहिते आहे.

सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून. पेन्शनवर आलेल्या प्रत्येकाने पहिल्या महिन्यातच इथे जावं. माजी सैनिकाचं ओळखपत्र इथे मिळतं, आणि रोजगारासाठी नावही इथेच नोंदवता येतं; सरकारी खात्यांकडून मागणी आली की कार्यालय नावं पुढे पाठवतं. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार, पॅन, बँक पासबुक आणि नवरा-बायकोचा एकत्र फोटो एवढं बरोबर ठेवा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा, आसपास दुकान असेलच असं नाही.

आमची गाडी अडली ती माझ्या नावावर. लग्नात माझं नाव बदललं, तेव्हा आमच्याकडे तशी रीत होती. यांच्या डिस्चार्ज बुकात सासरचं नाव, आणि माझ्या आधारवर दहावीच्या सर्टिफिकेटवरून आलेलं माहेरचं. हे आज किरकोळ वाटतं, पण उद्या कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आली तर बाईला सिद्ध करावं लागतं की ही मीच. टेबलावरच्या गृहस्थांनी ते आपणहून दाखवून दिलं. मी विचारलंही नव्हतं. प्रतिज्ञापत्र कसं करायचं, राजपत्रात नाव कसं प्रसिद्ध करायचं, मग सिकंदराबादच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कुठल्या मार्गाने पाठवायचा, हे त्यांनी कागदावर क्रमाने लिहून दिलं. स्वतः फौजेतून आलेला माणूस समोर बसलेला असला की असा फरक पडतो. हे काम नोकरीच्या आधी उरकून घ्या असं मी प्रत्येक बहिणीला सांगेन.

आरक्षणाचं गणितही तिथेच नीट समजलं. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा. केंद्रात गट क मध्ये १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांमध्ये हे प्रमाण १४.५ आणि २४.५ टक्के आहे. त्यात जखमी होऊन आलेले जवान आणि शहिदांचे वारस यांचे साडेचार टक्के धरलेले आहेत. वयाची भीती बहुतेकांना असते. केंद्राच्या भरतीत फौजेतली पूर्ण सेवा आणि वर तीन वर्षं वयातून वजा करतात. यांचं वय ४४, सेवा २४, म्हणजे मर्यादेच्या हिशेबात हे १७ वर्षांचे धरले जातात. शिवाय दहावी पास आणि १५ वर्षं सेवा असेल, तर केंद्राच्या गट क मधल्या ज्या पदांना साधी पदवी लागते, तिथे माजी सैनिक पात्र ठरतो. तांत्रिक पदवी लागणारी पदं त्यात येत नाहीत. माझ्या ओळखीतले तीन-चार जण "आपण पदवीधर नाही" म्हणून अर्जच करत नव्हते.

पण पात्र ठरणं आणि पास होणं यात पंचवीस वर्षांचं अंतर असतं. दहावीनंतर पुस्तक न धरलेल्या माणसाला अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी एका तासात सोडवायची असते, शेजारी बसलेला मुलगा शास्त्री रोडवरच्या अभ्यासिकेत तीन वर्षं घासून आलेला असतो. जागा राखीव असली तरी पेपर तोच. या तयारीसाठी खास माजी सैनिकांचे संध्याकाळचे वर्ग भरले तर राखीव जागांचा खरा उपयोग होईल. मला ही सगळ्यात मोठी उणीव वाटते.

घोरपडीला राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या परिसरात राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि माजी सैनिकांचं महामंडळ म्हणजे मेस्को आहे. मेस्कोमार्फत सरकारी आणि निमसरकारी ठिकाणी माजी सैनिकांना सुरक्षारक्षक वगैरे कामं मिळतात. तिथे नाव देऊन ठेवणं चांगलंच, मागणी येईल तसा नंबर लागतो. आम्हाला थांबायला वेळ नव्हता, मोठ्याची डिप्लोमाची फी भरायची होती.

आणखी एक गोष्ट पेन्शनच्या आधीची आहे, तीही सांगते. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय, ज्याला फौजी डीजीआर म्हणतात, निवृत्तीच्या तोंडावर असलेल्यांसाठी कोर्स चालवतं. जवान आणि जेसीओंना, म्हणजे सुभेदार वगैरेंना, त्याची फी भरावी लागत नाही. हे शेवटच्या काळात जिथे होते तिथून कोर्सला निघणं जमलं नाही. ज्यांच्या माणसाचं वर्ष-दोन वर्षं उरलंय त्यांनी आत्ताच फोनवर या कोर्सचं विचारा. घरी आल्यावर विचारून ती संधी सहसा परत येत नाही.

आता मुख्य विषय. ओळखीच्या एका निवृत्त नायकांनी एका खासगी सिक्युरिटी एजन्सीत यांना लावून दिलं. एजन्सीचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. चाकण रस्त्यावरच्या गोदामावर ड्युटी. सकाळी आठ ते रात्री आठ, महिन्याला २६ ड्युट्या, हातात साडेपंधरा हजार. नेमणूकपत्र नाही. युनिफॉर्मचे पैसे पहिल्या दोन पगारांतून कापले. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे. त्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत नव्या गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असं प्रशिक्षण सांगितलं आहे. माजी सैनिकाला सवलत म्हणून ४० तास आणि १६ तास, किमान सात दिवसांत. यांना एका कागदावर सही करायला सांगितली, त्यावर प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं आधीच छापलेलं होतं.

मी रोज विचारायचे, अहो, जादा चार तासांचं काय? हे म्हणायचे, "ड्युटी आहे ती, करायची." यांच्या अंगात ते मुरलेलं आहे. वरून आदेश आला की तो पाळायचा, थंडी-ऊन बघायचं नाही, कटकट करायची नाही. चोवीस वर्षं हीच सवय देशाच्या कामी आली आणि मला तिचा अभिमान आहे. पण बाहेरच्या जगात काही मालकांना फौजी हवा असतो तो नेमका या सवयीसाठी. तो वेळेआधी येतो, झोपत नाही, आणि पगाराचा हिशेब मागत नाही. रोजचे चार तास म्हणजे २६ ड्युट्यांचे १०४ तास झाले. कायद्याने जादा तासाला दुप्पट दर आहे. इथे वेगळा एक रुपयाही नव्हता.

पगारपत्रक व्हॉट्सॲपवर फोटो काढून यायचं. त्यात पीएफचे १,८०० कापलेले असायचे. पतसंस्थेत मी रोज पाहते की पैसा कापला त्या तारखेनंतर तो कुठेतरी जमा दिसलाच पाहिजे. म्हणून एका रविवारी यांचा यूएएन म्हणजे पीएफचा क्रमांक टाकून पीएफचं पासबुक उघडलं. पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी होत्या, पुढे पान कोरं. मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पैसे भरायचे असतात. कामगाराच्या पगारातून कापायचे आणि भरायचे नाहीत, हा फौजदारी विश्वासघात मानला जातो. सुपरवायझरला विचारलं तर उत्तर आलं, "सिस्टीमला वेळ लागतो." पासबुकाची सिस्टीम कशी चालते हे मला सांगायची गरज नव्हती.

तेव्हा ईएसआयबद्दल, म्हणजे कामगार विम्याबद्दलही विचारलं. त्यावर "तुम्हाला ईसीएचएस आहे, ईएसआय कशाला" असं म्हणाले. हे ऐकून पुष्कळ फौजी गप्प बसतात, म्हणून नीट सांगते. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना, ती उपचार देते. ईएसआयमध्ये उपचाराबरोबर बुडालेल्या पगाराची भरपाई असते. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के, आणि कामावर अपघात होऊन काम बंद पडलं तर ९० टक्के. गोदामात रात्री ट्रक मागे घेताना गार्ड मध्ये उभा असतो. ही भरपाई पेन्शन असली तरी हवीच. २१,००० पर्यंत पगार असेल तर कामगाराच्या पगारातून जाते पाऊण टक्का, मालकाचा वाटा सव्वातीन टक्के. मालकाला तो वाटा वाचवायचा असतो, बाकी काही नाही.

पीएफच्या कार्यालयाबद्दल माझं मत फार चांगलं झालं. पुण्यात ते कॅम्पात गोळीबार मैदानाला आहे. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर जिल्ह्याजिल्ह्यात भरतं, २०२३ पासून नव्या स्वरूपात ते चालू आहे. सदस्य आणि मालक दोघेही तिथे जाऊ शकतात. आम्ही गेलो तर समोरच्या अधिकारी बाईंनी पासबुक आणि पगारपत्रकं शेजारी शेजारी ठेवली, कोरे महिने पेन्सिलीने खुणावले आणि एक वाक्य सांगितलं जे मला कुठल्याच टेबलावर ऐकायला मिळालं नव्हतं. कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर ज्याच्या जागेवर काम केलं त्या मूळ मालकाकडूनही तो वसूल होऊ शकतो. म्हणजे तक्रारीत एजन्सीबरोबर गोदामाच्या कंपनीचं नावही लिहायचं. तसं लिहिलं. तक्रार ऑनलाइन नोंदवली, नोंदणी क्रमांक आला. गोदामाच्या कंपनीला पत्र गेल्यावर एजन्सीचा आवाज लगेच मऊ झाला.

जादा तास आणि युनिफॉर्मच्या कपातीसाठी पीएफ कार्यालयाचा उपयोग नाही, त्यासाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जायचं. शिवाजीनगरच्या बाजूला मुंबई-पुणे रस्त्यावर हे कार्यालय आहे. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. वकील लागत नाही. फी नाही. आमच्याकडे नेमणूकपत्र नव्हतं, मग नोकरी केली हे कसं दाखवणार, ही माझी काळजी होती. तिथे समजलं की बँकेत जमा झालेला पगार, ड्युटीच्या ग्रुपवरचे मेसेज, गेटवरच्या रजिस्टरचे फोटो, ओळखपत्र, हे सगळं पुरावा म्हणून ठेवता येतं. यांनी रोज रात्री घरी आल्यावर डायरीत वेळ लिहिलेली होती. फौजेतली सवय. ती डायरी सगळ्यात उपयोगी पडली. दोन्ही बाजूंना नोटीस गेली आणि संयुक्त बैठक लागली. तारखा पुढे गेल्या, हे खरं आहे, आणि प्रत्येक तारखेला एक खाडा पडतो. रोजंदारीवरचा माणूस इथेच थकतो. बैठक संध्याकाळी सहानंतर ठेवण्याची सोय असती तर कितीतरी जास्त लोक तक्रार तडीला नेतील.

बैठकीत यांना बोलायला सांगितलं तेव्हा हे उभे राहिले, सावधान. अधिकारी म्हणाले, "बसा हवालदारसाहेब, इथे तुम्ही अर्जदार आहात." मग हे बसले आणि सगळं सांगितलं, शांतपणे, तारखांसकट. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

त्याच कार्यालयात सुरक्षारक्षक मंडळाबद्दल समजलं. महाराष्ट्रात खासगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा वेगळा कायदा आहे. मंडळाकडे नोंदलेल्या रक्षकाचा पगार मूळ मालक मंडळात भरतो आणि मंडळ तो रक्षकाला देतं, भविष्य निर्वाह निधी वगैरे लाभांसकट. मधल्या माणसाच्या हातात पैसा जात नाही. ही कल्पना १९६९ च्या माथाडी कायद्यातून आलेली. ज्या शहरात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी आपला हिशेब स्वतःच्या हातात घेतला, त्या पुण्यात सोसायटी-सोसायटीच्या गेटवर बारा तास उभ्या असलेल्या माणसाला आपल्यासाठी कायदा आहे हेच ठाऊक नसावं, याचं वाईट वाटतं.

यांच्याच गोदामावर रात्रपाळीला हिंगोलीकडचा एक मुलगा होता. त्याची बायको वाघोलीच्या बांधकामांवर बिगारी. त्यांचं लहान मूल आमच्या धाकट्याच्या वयाचं, म्हणून मी तिला भेटायला गेले आणि बांधकाम कामगार मंडळाचं काम कसं चालतं ते पाहिलं. ही योजना कागदावर खरंच भक्कम आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात, त्यातून हे मंडळ चालतं. १८ ते ६० वय आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असला की नोंदणी होते. नोंदणी फी तेव्हा १ रुपया होती. पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला अडीच हजार, आठवी ते दहावीला पाच हजार, बाळंतपणाला मदत, कामावर मृत्यू आला तर वारसाला ५ लाख. तिच्याकडे एका दलालाने फॉर्म भरायचे दीड हजार मागितले होते. आणि ९० दिवसांचा दाखला मुकादम देत नव्हता, कारण सही केली की उद्या आपल्यावर येईल अशी त्याला भीती. महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडूनही हा दाखला घेता येतो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तिच्याबरोबर गेले, एक रुपयात नोंद झाली. योजना चांगली असून चालत नाही, तिच्या दारात उभा असलेला दलाल हटवावा लागतो.

प्रशिक्षणाबद्दल माझा अनुभव संमिश्र आहे. एजन्सी सोडल्यावर यांनी आपल्या मूळ कामाकडे वळायचं ठरवलं. स्टॅलियन ट्रकचं इंजिन हे डोळे मिटून उघडतील, पण भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न आला, "बीएस-६ केलंय का? स्कॅनर येतो?" बीएस-६ म्हणजे धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक, एप्रिल २०२० पासून नवी गाडी त्याशिवाय विकताच येत नाही. त्यात सेन्सर आले, धुरावर युरियाचं द्रावण मारायची यंत्रणा आली, आणि दोष शोधायला लॅपटॉप आला. फौजेतल्या जुन्या गाड्यांवर हे नसतं. म्हणजे कसब आहे, पण शेवटची दहा वर्षं त्यात नाहीत.

एका रोजगार मेळाव्याला गेलो. मंडप मोठा, टेबलं पुष्कळ, आणि जवळजवळ प्रत्येक टेबलावर वय १८ ते २८. यांच्यासारखे चाळिशीतले चार-पाच जण फाइल धरून फिरत होते. मेळाव्याच्या जाहिरातीत कुठल्या कंपनीला कुठल्या वयाची माणसं हवीत एवढी एक ओळ छापली तरी लोकांचा दिवस वाचेल. नंतर एका खासगी प्रशिक्षण केंद्रात आधीच्या अनुभवाचं प्रमाणपत्र देणारी परीक्षा दिली. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ ची, तिच्यात ही सोय आहे, फौजेत शिकलेल्या कामाला बाहेर कागद मिळावा म्हणून ती फार मोलाची. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा झाली, प्रमाणपत्र आलं. पण त्या केंद्रात शिकवण्यासारखं काही नव्हतं. बीएस-४ चं एक कापलेलं इंजिन आणि हजेरीचं यंत्र, बस.

खरा सल्ला मिळाला औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये. तिथल्या शिल्प निदेशकांनी यांच्याशी चहा पिता पिता अर्धा तास इंजिनावर गप्पा मारल्या, मग स्पष्ट म्हणाले, "हवालदारसाहेब, तुम्हाला दोन वर्षांचा ट्रेड करून काय मिळणार? तुम्हाला फक्त इलेक्ट्रिकल आणि स्कॅनर हवाय. तेवढाच छोटा कोर्स शोधा आणि मल्टिमीटर हातात घेऊन बसा." प्रवेशसंख्या वाढवायचा मोह त्यांना नव्हता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे यांनी संध्याकाळचा छोटा कोर्स केला. वर्गात सगळी मुलं मोठ्याच्या वयाची. महिन्याभरात तीच मुलं यांना क्लचचं विचारायला लागली आणि हे त्यांना लॅपटॉपचं.

आता हे भोसरी एमआयडीसीत अवजड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. या वेळी यांनी स्वतः मागितलं, मला बोलावं लागलं नाही. नेमणूक मुदतीची आहे. पूर्वी ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागायची, आता मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर हक्क येतो. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीही मालकाने करायची आहे. पत्र घरी आणल्यावर आम्ही दोघांनी जेवणानंतर बसून ओळ न ओळ वाचलं. साप्ताहिक सुट्टीचा दिवस लिहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी यांनी तो लिहून घेतला.

माझी मागणी साधी आहे. जिथे माजी सैनिकाचं रोजगारासाठी नाव नोंदवतात, तिथेच त्याच्या हातात एक पान मराठीत द्यावं. एजन्सीकडे परवाना आहे का ते विचारा, नेमणूकपत्राशिवाय रुजू होऊ नका, पहिल्या महिन्यानंतर पीएफचं पासबुक उघडून बघा, आठवड्याला ४८ तासांपुढे दुप्पट दर, आणि अडचण आली तर सरकारी कामगार अधिकारी कुठे बसतो त्याचा पत्ता. एवढंच. सहा महिन्यांनी त्या माणसाला एक फोन करावा, पगार वेळेवर मिळतो का म्हणून. फौजी स्वतःहून तक्रार घेऊन येणार नाही, त्याला विचारावं लागतं.

हे लवकर व्हायला हवं, कारण २०२२ च्या योजनेतून गेलेल्या अग्निवीरांची पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडायला लागेल. चौघांतला एकच फौजेत राहणार. बाकीचे तेविशी-चोविशीचे, पेन्शन नसलेले, आणि आज्ञा पाळायची तीच सवय अंगात मुरवून आलेले. यांना निदान महिन्याला पेन्शनचा आधार होता, म्हणून एजन्सी सोडता आली. त्या मुलांना तो आधार नसेल.

आमच्या तक्रारीचं सध्या असं आहे. जादा तासांची रक्कम बैठकीत तडजोडीने ठरली, मागितली त्यापेक्षा कमी, आणि तिचा पहिला हप्ता खात्यात जमा झाला. युनिफॉर्मचे पैसे परत आले. पीएफच्या कोऱ्या महिन्यांपैकी काहींच्या नोंदी पासबुकात आल्या आहेत, उरलेल्या यायच्या आहेत. येत्या २७ तारखेला पुन्हा शिबिराला जाणार आहे, या वेळी हिंगोलीच्या त्या मुलाचा यूएएन आणि पगारपत्रकंही बरोबर घेऊन.